मयालीला पाळणा बांधण्याआधी

वऱ्हाडात काय किंवा झाडीपट्टीत काय, लेकराच्या अंगावर पहिलं कापड नवं घालत नाहीत. भावकीतल्या, शेजारच्या एखाद्या धडधाकट लेकराचं धुऊन मऊ झालेलं झबलं मागून आणतात, आणि देणारीलाही त्यात मान वाटतो. पाचवी होईस्तोवर, कित्येक घरी तर बारशापर्यंत, नव्या कापडाची घडी मोडत नाहीत. मासिकात दाखवतात तशी बाळाची वेगळी खोली गावात नसतेच. मधल्या घराचा एक कोपरा असतो, एक बाज असते, वर मयाल, म्हणजे छपराची आडवी तुळई, असते. तो कोपरा घरच्या आणि मागून आणलेल्या सामानानं सजवायची रीत इथं आधीपासून आहे. ती खर्चाच्या भीतीनं सुरू झाली असं मला वाटत नाही, कारण ऐपतीच्या घरातही ती तशीच पाळतात.

घोळ होतो तो 'जुनं' या एका शब्दात. लुगडं पन्नास वेळा धुतलं की मऊ होतं, खळ निघते, कच्चा रंग असेल तर तोही सुटून गेलेला असतो. कापड जुनं होतं ते बाळाच्या फायद्याचं. दोर मात्र जुना होतो तो आतून कुजतो, लोखंडाची कडी घासून पातळ होते, ऑइलपेंटचे पोपडे सुटतात. आणि आजीच्या हातचं म्हणून दोन्ही गोष्टी आपण सारख्याच मायेनं वर बांधतो.

पण पाळण्याच्या आधी खोली. शेतकऱ्याच्या घरात रिकामी खोली म्हणजे गोदाम. फवारणीचा पंप, तळाशी चार बोटं औषध उरलेली बाटली, युरियाचं कट्टं, रंग लावलेलं बियाणं, आणि दिवाळीनंतर भावाची वाट पाहत आढ्यापर्यंत रचलेला कापूस. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते मोकळ्या वावरात फवारणारे मोठे लोक होते. बंद खोलीतल्या तान्ह्या लेकराला किती मात्रा पुरेल याचा हिशेब मांडायची गरज नाही. औषध, पंप आणि फवारणीचे कपडे घराबाहेर, कुलपात. हे काम सातव्या महिन्यातच उरकायचं, आणि गर्भार बाईनं त्याला हात लावायचा नाही. कापूसही त्या खोलीतून हलवायचा. साठवलेल्या कापसाशेजारी झोपलं की खाज सुटते, अंगावर पुरळ उठतो, हे मोठ्यांनी दरवर्षी भोगलेलं असतं. बाळाला तर खाजवताही येत नाही.

भिंतीला चुना उत्तम. एक किलो कळीचा चुना पाच लिटर पाण्यात लोखंडी किंवा मातीच्या भांड्यात विरवायचा. प्लास्टिकची बादली नको, चुना उकळतो तेव्हा ती वितळते किंवा फाटते. किमान एक रात्र भिजू द्यायचा, कापडानं गाळायचा, गरम पाण्यात विरघळवलेला थोडा डिंक आणि चिमटीभर नीळ टाकायची. पातळ तीन हात मारायचे. चुना हाताला लागून पांढरी भुकटी पडते अशी तक्रार सगळे करतात, आणि दोष चुन्याला देतात. दोष कोरड्या भिंतीचा असतो. भिंत आधी पाण्यानं ओली केली नाही तर ती चुन्यातलं पाणी ओढून घेते, चुना पकडण्याआधीच वाळतो आणि मग झडतो. बाळ यायच्या महिनाभर आधी हे झालेलं असावं.

जमीन शेणानं सारवलेली असेल तर सारवण दोन दिवस आधी करून पूर्ण वाळू द्यायचं, वर चटई अंथरायची, आणि नाळ पडून बेंबी कोरडी होईस्तोवर बाळाचं कुठलंही कापड त्या जमिनीला टेकू द्यायचं नाही. शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. भारतातून माता आणि नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं, ते गरोदरपणातल्या इंजेक्शनामुळे आणि स्वच्छ बाळंतपणामुळे. जंतू मातीत होते तिथंच आहेत.

आता ट्रंक उघडायची. आजीची नऊवारी, आजोबांचं धोतर, मोठ्या लेकराची दुपटी, सगळं त्यातच असतं, आणि झाकण उघडताच डांबरगोळ्यांचा वास येतो. इथं थांबायला पाहिजे. रक्तातल्या तांबड्या पेशींना सांभाळणारं जी६पीडी नावाचं विकर काही मुलांमध्ये जन्मतः कमी असतं. डांबरगोळीतल्या नॅप्थलीनची वाफ अशा बाळाच्या श्वासातून आणि कातडीतून आत गेली की तांबड्या पेशी फुटतात, रक्त कमी होतं, कावीळ भडकते. तपासणीशिवाय कोणत्या बाळात ही उणीव आहे ते कळत नाही, आणि बाळ दिसायला अगदी ठणठणीत असतं. अंगाला तेल चोळल्यावर तर नॅप्थलीन कातडीतून आणखी सहज शिरतं, कारण ते तेलात विरघळतं. नुसत्या धुण्यानं ते पुरतं निघत नाही. उडून जाणारा पदार्थ आहे, त्याला वारा आणि ऊन पाहिजे. कपडे गरम पाण्यात साबणानं धुवायचे, चार-पाच दिवस दोरीवर उलटसुलट वाळवायचे, आणि घडी नाकाशी धरून जरासाही वास आला तर पुन्हा तेच. गोळ्यांत कधी न ठेवलेलं कापड घरात असेल तर ट्रंकेतलं सोडून तेच घ्यावं. पुढं ठेवणीसाठी वाळवलेला कडुनिंबाचा पाला पुरे, पावसाळ्यानंतर बदलायचा.

कापड सुती आहे का हे हाताला कळतं असं म्हणतात, पण हल्लीच्या मिश्र धाग्यानं भल्याभल्यांचे हात फसतात. काठाजवळून एक धागा ओढून काडीनं पेटवायचा. कागदासारखा जळून भुरकट राख पडली तर सूत. आकसून काळी कडक गाठ झाली तर पॉलिस्टर. दोन्ही झालं तर मिश्र. उभा आणि आडवा, दोन्ही धागे तपासायचे, कारण एक सुती आणि दुसरा तसा नसतो असंही निघतं. पॉलिस्टर ओल शोषत नाही, त्यामुळे दुपटं कोरडं दिसतं आणि बाळाची पाठ ओलीच राहते. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तर त्यानं घामोळंच घामोळं. अशा साड्या टाकायच्या नाहीत, त्यांचं काम पुढे आहे.

बाळाची वाकळ म्हणजे मोठ्या गोधडीचा तुकडा नव्हे, हे आधी शिवणारीला पटावं लागतं. मोठ्या गोधडीत सात-आठ थर असतात, मधे फाटकं-तुटकं सगळं खपतं. बाळाच्या वाकळीला तीन थर, थंडीच्या बाळाला फार तर चार. माप तीन फूट बाय अडीच फूट. खालचा आणि वरचा थर सगळ्यात मऊ लुगड्याचा, मधला धोतराचा. जर, टिकल्या, कडक काठ आधी उसवून काढायचे. थर एकमेकांवर टाकण्याआधी सगळे एकत्र गरम पाण्यात धुऊन वाळवायचे. एक कापड आटलेलं आणि दुसरं न आटलेलं असं शिवलं तर पहिल्या धुण्यातच वाकळ पापडासारखी वाकडी होते.

शिवणीचं गणित असं. सपाट जमिनीवर थर पसरून मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढायच्या, कडेला आणि मधे लांब कच्चे टाके घालून घ्यायचे. मग कडा आत दुमडून धावदोरा बाहेरून सुरू करायचा आणि चौकोनात चौकोन करत आत यायचं. दोन ओळींत अंतर करंगळीच्या पेराएवढं, टाका तांदळाच्या दाण्याएवढा. कच्चे टाके न घालता थेट बाहेरून आत शिवत आलं की सगळा सैल भाग ढकलला जात मधे जमतो आणि तिथं फुगा राहतो. तो फुगा नंतर बसत नाही, उसवावंच लागतं. दोर फार ओढला तर कापड चुणीचुणीचं होतं. मोठ्या गोधडीला ती चुणी शोभते, बाळाच्या पाठीला वळ उठवते. गाठ कधीही वर ठेवायची नाही, दोन थरांच्या मधे दडवायची. नाहीतर सुटलेल्या दोऱ्याचा फास बाळाच्या बोटाला बसतो आणि बोट काळंनिळं पडेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. बाळ कारण नसताना रडत असेल तर हाता-पायाची बोटं पाहायची, ती याचसाठी. रंगीत दोरा वापरायचा असेल तर तो ओला करून पांढऱ्या चिंधीवर घासून पाहायचा. लाल दोरा बहुतेक वेळा दगा देतो.

हे एवढं शिवून झाल्यावर एक कडू गोष्ट. ही वाकळ बाळाच्या खाली घालायची, झोपेत अंगावर सैल टाकायची नाही. पहिलं वर्षभर बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल पांघरूण, उशी, लोड, भरलेली खेळणी यांतलं काहीही नको, कारण तोंडावर आलेलं कापड त्याला बाजूला करता येत नाही. बाळ उताणंच निजवायचं. राईची उशीही याच यादीत. डोकं गोल व्हावं म्हणून ती देतात, पण एक शिवण उसवली की राईचे दाणे थेट नाका-तोंडाशी. डोक्याचा आकार उताण्या बाळाचं तोंड आलटून-पालटून दोन्ही बाजूंना वळवण्यानं आणि जागेपणी थोडा वेळ पोटावर ठेवण्यानं आपोआप नीट होतो. थंडीत पांघरुणाऐवजी अंगावर एक झबलं जास्त चढवावं.

लंगोटाला धोतर. दोन फूट बाय दोन फुटांचे चौकोन, तिकोनी घडी. तान्हं लेकरू दिवसाला दहा-बारा वेळा ओलं करतं, म्हणून उन्हाळ्यात दोन डझन भागतात, श्रावणात चार डझनही कमी पडतात.

गादी घरच्या कापसाची करायची हौस सगळ्यांना असते, आणि तिथं चूक ठरलेली असते. फरदडीचा (हंगाम सरल्यावर ठेवलेल्या झाडांचा), कवडीचा (किडका, डागी) कापूस बाजारात भाव घेत नाही म्हणून तो गादीत जातो. त्यात पानाचा कचरा, बोंडअळीनं खाल्लेले भाग आणि सरकी राहिली की उंदीर येतात. पहिल्या वेचणीचा स्वच्छ कापूस घ्यायचा. एक किलो कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते, बाकी सरकी. पाळण्याच्या ३६ इंच बाय १८ इंच गादीला सव्वा ते दीड किलो रुई लागते, म्हणजे पावणेचार ते साडेचार किलो कापूस. खोळ मांजरपाटाची. रुई पिंजून सारखी भरायची आणि दर सहा इंचांवर आरपार टाका मारून ओढून बांधायचा. टाके दूर पडले तर महिनाभरात रुई कडेला सरकते, मधे खड्डा पडतो, आणि बाळ त्या खड्ड्यात घरंगळतं. गादी दोन इंच जाड आणि घट्ट हवी. मूठ दाबून उचलली की खळगा लगेच भरून यायला पाहिजे. आजीला ती दगडासारखी वाटेल. बाळाला तशीच लागते. गादी आणि पाळण्याची कड यांच्यात दोन बोटांहून जास्त फट नको.

ओल खाली जाऊ नये म्हणून गादीवर रबरी कापड ताणून चारी बाजूंनी खाली दाबायचं आणि त्यावर वाकळ. नेत्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स या कामाला गावोगाव वापरतात. ते तापतात, वास सोडतात, घडीवर चिरतात. फ्लेक्सचं खरं काम वर आहे, कवेलूच्या म्हणजे कौलांच्या खाली. कवेलूतून माती, उंदराच्या लेंड्या आणि कधी विंचूही पडतो. पाळण्याच्या डोक्यावर कवेलूपासून फूटभर खाली फ्लेक्स किंवा त्या नापास झालेल्या पॉलिस्टरच्या साड्या ताणून छत बांधलं की निम्मं काम होतं. चूल त्याच खोलीत असेल तर मात्र हे छत नको, ठिणगीनं भडकतं. पंधरा दिवसांनी ते सोडून बाहेर झटकायचं. अशा छतावर नेत्याचा हसरा चेहरा खालच्या बाजूला येऊ नये एवढी काळजी घ्यावी.

पाळणा. जुना सागवानी मिळाला तर उत्तम, आंब्याच्या लाकडाला घुण लवकर लागतो. लाकडात बारीक भोकं दिसली म्हणून लगेच नाकारायचं नाही. पाळणा काळ्या कापडावर दोन दिवस ठेवायचा. कापडावर ताजी पिवळसर भुकटी पडली तर घुण जिता आहे, नाही पडली तर जुनी खूण. पाडलेल्या घराच्या चौकटीतून वाढई, म्हणजे सुतार, नवा पाळणा करून देतो, त्यात आधी प्रत्येक खिळा काढलेला पाहायचा. कारखान्याच्या पॅलेटच्या पट्ट्या स्वस्त मिळतात, त्यांवर शिक्का असतो. 'एचटी' म्हणजे उष्णतेनं कीड मारलेली, ती चालते. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ती जळणालाही नको.

कठड्याच्या दोन दांड्यांतली फट सहा सेंटिमीटरहून जास्त नसावी. मोठ्या माणसाची तीन बोटं जावीत, चार जाऊ नयेत. जास्त असेल तर बाळाचं धड फटीतून सरकतं आणि डोकं अडकतं. हौशीनं कोरलेल्या जुन्या पाळण्यांत हा दोष हमखास असतो, कारण तेव्हा नक्षी पाहून फट ठरायची. मधे आणखी एक दांडी ठोकली की काम होतं, वाढयाचं अर्ध्या दिवसाचंही काम नाही. मोर किंवा कळस कोपऱ्यावर उंच निघालेले असतील तर कापून टाकावे लागतात, बाळाचं झबलं त्यात अडकतं. जीवावर येतं, पण कापावे.

रंगाचा प्रश्न त्याहून मोठा. घरगुती रंगातलं शिसं दशलक्ष भागांत ९० भागांवर आणणारे नियम भारतात २०१६ मध्ये निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचा पिवळा, लाल, हिरवा ऑइलपेंट असेल तर त्यात शिसं आहे असंच धरून चालायचं. दात येताना बाळ कड चघळतं, पोपडा पोटात जातो, आणि शिसं मेंदूवर जातं. पॉलिश पेपरनं कोरडं घासणं सगळ्यात वाईट, कारण तीच भुकटी हवेत उडून घरभर बसते. पाळणा घराबाहेर, वारा घराकडे येणार नाही अशा बाजूला, ओला करून पत्र्यानं खरवडायचा, तोंडाला फडकं बांधून. खाली अंथरलेल्या प्लास्टिकसकट खरवड पिशवीत बांधून कचऱ्यात टाकायची, चुलीत नाही. गर्भार बाई आणि लेकरं त्या दिवशी दुसऱ्या घरी. हे झेपत नसेल तर रंगीत पाळणा शोभेला ठेवा आणि बिनरंगी घ्या.

कोऱ्या लाकडाला जवसाचं तेल. चटणीचं जवस आपल्याकडे घरोघरी असतं, तेच घाणीवर काढलेलं कच्चं तेल. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं 'डबल बॉइल्ड' नको, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची द्रव्यं टाकलेली असतात. आधी ८०, मग १२०, शेवटी २२० नंबरच्या पेपरनं घासायचं. ओल्या फडक्यानं लाकूड पुसलं की बसलेले तंतू उभे राहतात, वाळल्यावर ते पुन्हा २२० नं काढायचे. मग फडक्यानं तेल चोळायचं, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायचं, आणि वर राहिलेलं तेल कोरड्या कापडानं पूर्ण, अगदी पूर्ण, पुसून घ्यायचं. इथंच चुकतं. जाड थर दिला तर जास्त चकाकेल असं वाटतं, आणि पाळणा महिनाभर गुळासारखा चिकट राहतो, त्यावर धूळ बसते. पातळ तीन हात, दोन हातांमध्ये तीन-चार दिवसांचं ऊन-वारा. शेवटच्या हातानंतर दोन-तीन आठवडे पाळणा तसाच सोडायचा, वास पूर्ण जाईपर्यंत.

आणि ते तेलाचं फडकं. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता आतच कोंडते आणि काडी न लावता बोळा पेट घेतो. मे महिन्यात, कापसाच्या घरात, तुराट्यांच्या ढिगाशेजारी असला बोळा पडलेला नको. फडकी अंगणात एकेक पसरून कडक वाळू द्यायची किंवा पाण्यात बुडवून ठेवायची.

टांगणीला सगळ्यात कमी वेळ दिला जातो. कडी आणि आकडा हातात घेऊन उजेडाकडे धरा. कडी जिथं आकड्यावर झुलते तिथं आतल्या बाजूनं खाच पडलेली असते. वरून पाहिलं तर दिसत नाही, अंगठ्याच्या नखाला लागते. जाडीचा पाव हिस्साही गेला असेल तर आकडा बदला. लोहाराकडून नवा करून घ्यायला फार लागत नाही. एस आकाराचा उघडा आकडा नकोच, भार आला की तोंड पसरतं. पाळणा करकरतो ते गोड वाटतं खरं, पण ते लोखंड लोखंडाला खात असतं आणि काळी भुकटी खाली बाळावर पडते. आठवड्याला तेलाचा एक थेंब पुरे.

दोर सुती, अंगठ्याएवढा जाड, नवाच. नायलॉनच्या दोराची गाठ हळूहळू सुटते आणि उन्हानं तो ठिसूळ होतो. दोर तुटतो तो दोनच जागी, गाठीपाशी आणि मयालीच्या कोरेवर. म्हणून मयालीवर तरटाचा जाड तुकडा गुंडाळून वरून दोराचे दोन वेढे घ्यायचे. त्याआधी मयाल वाजवून पाहायची. पेचकसाच्या मुठीनं ठोकलं की भरीव आवाज यायला हवा. पोकळ वाजली, टोक सहज आत रुतलं, तर वाळवी आहे. टिनाच्या घरात पत्र्याखालचा बारीक पाइप हा पत्र्यासाठी असतो, पाळण्यासाठी नाही. तिथं जमिनीवरचा स्टँड घ्यावा, कबाडीकडून घेतला तर वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्यावर बोट फिरवून. स्लॅबच्या घरात पंख्याच्या हुकाला हात लावायचा नाही.

बांधून झालं की अर्ध्या क्विंटलचं तुरीचं कट्टं त्याला टांगा, पन्नास झोके द्या आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी गाठ सरकली असेल, दोर लांबला असेल, तर पुन्हा बांधा. बाळ तीन किलोचं असतं, पण त्याचा पाच वर्षांचा भाऊ पाळण्याला लटकणारच. शेवटी आत पाण्याची ताटली ठेवून पाहायची. पाणी एका कडेला गेलं तर दोर कमीजास्त आहेत, आणि बाळही त्याच कडेला जाईल. जमिनीपासून उंची दीड फुटाहून जास्त नको, खाली जाड सतरंजी.

झोळी वेगळी. लुगड्याच्या झोळीत लेकरू झटकन झोपतं, वावरात झाडाला बांधायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण तिचा तळ गोल होतो, तान्ह्याची मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. झोळीच्या तोंडाशी दीड फुटाची आडवी काठी घातली की कापड मिटत नाही, श्वास मोकळा राहतो का ते मात्र पाहावंच लागतं. जागं माणूस शेजारी असेल तोवर झोळी, रात्रीच्या झोपेला नाही. मोठ्या भावंडांना झोळीला पीळ घालायचा खेळ फार आवडतो, त्यावर डोळा ठेवायचा.

मुंग्या दोरावरूनच उतरतात, ओठाला लागलेल्या दुधाकडे. दोरावर उंच, बाळाच्या हातापासून दूर, चार बोटं रुंद चिंधी गुंडाळून तिला घट्ट व्हॅसलीन फासायचं. धूळ बसली की मुंग्या त्यावरून पूल करतात, म्हणून चार दिवसांनी नवी चिंधी. रॉकेल किंवा मुंग्यांची पावडर नको. मच्छरदाणीसाठी बुरडाकडून बांबूच्या कामटीचं दीड-दोन फुटांचं कडं आणायचं, कामटी दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून मग वाळवलेली असेल तर घुण कमी लागतो. कडं पाळण्याच्या वर हातभर टांगून त्यावरून जाळी सोडायची आणि खालची कड गादीखाली चारी बाजूंनी घट्ट खोचायची. जमिनीवर निजणाऱ्या बाळंतिणीलाही बाज आणि खोचलेली मच्छरदाणी हवीच. पावसाळ्यात मण्यार रात्री घरात येते, आणि अंथरुणात शिरून झोपेत चावते.

कूलरची हवा थेट पाळण्यावर नको, भिंतीवर आपटून यावी आणि समोरची खिडकी उघडी असावी, नाहीतर खोली दमट होते आणि घामोळं वाढतं. लोखंडी कूलरला अर्थिंग नसेल तर तो बाळाच्या खोलीत आणूच नका. ओल्या हातानं शॉक लागून उन्हाळ्यात माणसं जातात. आठवड्याला टाकी पूर्ण कोरडी करायची, डेंग्यूचा डास त्याच पाण्यात वाढतो. आणि थंडीतल्या बाळंतिणीची शेगडी बंद खोलीत कधीच ठेवायची नाही. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्यांना जाग येत नाही.

उरलेल्या चिंध्यांचं चिमणाळं, म्हणजे पाळण्यावर टांगायच्या कापडी चिमण्या. तळहाताएवढे तिकोन, दोन बाजू शिवायच्या, रुई भरायची, तिसरी बंद करायची, टोकाला चोच. पहिले दोन महिने बाळाला वीतभर-दीड वीत अंतरावरचंच नीट दिसतं आणि काळं-पांढरं-लाल ठळक कळतं, फिकट गुलाबी त्याच्या लेखी नसतंच. डोळ्यांच्या जागी मणी नको, दोऱ्याचे टाके घाला. घुंगरू तर अजिबात नको. पडद्याला होळीच्या आधीची पळसफुलं. धोतर कापडाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या तुरटीच्या पाण्यात तासभर भिजवून मग फुलांच्या गाळलेल्या काढ्यात उकळायचं. केशरी-पिवळा रंग सुंदर चढतो आणि उन्हानं वर्षभरात उडतो. उडू द्या, पुढच्या फाल्गुनात पुन्हा फुलं आहेतच.

पाळण्याच्या उरलेल्या सागवानातून वाढई पांगुळगाडाही करून देईल. तो आत्ताच करून ठेवायला हरकत नाही, फक्त एक सांगा. धरायची आडवी दांडी मागच्या दोन चाकांच्या थोडी पुढे यावी. ती चाकांच्या बरोबर वर किंवा मागे आली की बाळ उभं राहताना ओढतं आणि गाडा त्याच्याच अंगावर उलटतो. तीन चाकं, दांडी सोळा-सतरा इंचांवर, आणि पुढच्या बाजूला बांधायला एक वीट, नाहीतर गाडा बाळाच्या पुढे पळतो.

बाळ हातावर रेटून छाती उचलू लागलं, साधारण पाचव्या महिन्यात, की पाळणा त्याच दिवशी उतरवायचा. जुन्या पाळण्यांचे कठडे जेमतेम वीतभर असतात. चिमणाळंही तेव्हाच काढायचं, कारण आता हात पोचतो. दोर गोठ्यात द्यायचा, पुन्हा पाळण्याला नाही. आकडा तेल लावून चिंधीत बांधून वेगळा ठेवायचा. पाळण्याच्या तळाला पेन्सिलीनं लिहून ठेवायचं, रंग खरवडला तो महिना, तेलाचे हात किती, कोणती दांडी नवी. वरून कडुनिंबाचा पाला आणि जुनी चादर. गावात कोणाचे तरी दिवस भरत आलेले असतात, दोन-चार महिन्यांत कोणीतरी मागायला येतं.